अमेरिकी अभिजात स्पोर्ट्‌स मोटारी : आयात व नोंदणी

पन्नाशी उलटलेली अमेरिकी स्पोर्ट्‌स मोटार परदेशात विकत घेऊन भारतात आणणे, कस्टममधून सोडवणे आणि आरटीओत तिचे पासिंग करून घेणे, या सर्व व्यवहाराचा विचार या नोंदीत केला आहे. शेव्हरोले कॉर्व्हेट (१९५३), दोन आसनी फोर्ड थंडरबर्ड (१९५५) आणि फोर्ड मस्टँग (एप्रिल १९६४) ही या वर्गातली ठळक नावे. गाडी जहाजावर चढवणे यात सर्वांत सोपे असते. ती रस्त्यावर येते की गोदामात अडकते, हे कागद ठरवतात.

अमेरिकी मोटारी महाराष्ट्राला नव्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) क्रायस्लरच्या परवान्यावर कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर नुसती जोडणी करणाऱ्यांना वाव उरला नाही, म्हणून जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. कॉर्व्हेट बाजारात आली ती नेमकी त्याच सुमारास. त्यामुळे आपल्याकडे जुन्या अमेरिकी सेडान दिसतात, पण स्पोर्ट्‌स मोटारी फार थोड्या. ज्या विदेशी मोटारी पुढच्या दशकांत राजदूतावासांच्या कर्मचाऱ्यांबरोबर आल्या, त्यांतल्या अनेक स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावांतून भारतीय मालकांकडे गेल्या.

आयात-धोरणाने ही टंचाई टिकवून धरली. वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी, अशा अटी होत्या. व्हिंटेज गाड्यांना सवलत होती, पण ती १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्यांना. म्हणजे युद्धपूर्व पॅकार्ड आणता येई, पहिली कॉर्व्हेट नाही. २०२५ मध्ये ही स्थिर तारीख काढून ५० वर्षांची सरकती मर्यादा आली आणि पहिल्या पिढीच्या मस्टँगला दार उघडले. खर्च मात्र हलका नाही. जुनी प्रवासी मोटार म्हणून आकारणी झाली, तर सीमाशुल्क आणि इतर कर मिळून रक्कम खरेदीच्या किमतीहून जास्त होते.

कागदांची सुरुवात अमेरिकेतच होते. तिथे मालकीचा पुरावा म्हणजे त्या त्या राज्याने दिलेले ‘टायटल’. निर्यातीच्या किमान ७२ तास आधी ते अमेरिकी सीमाशुल्क खात्याला दाखवावे लागते. त्यावरचा नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षरन्‌ अक्षर जुळला पाहिजे. सतरा अक्षरांचा प्रमाणित नंबर १९८१ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. १९६५ च्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा असतो. पहिला ५ हा मॉडेलच्या सालाचा, पुढचे अक्षर कारखान्याचे (एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होझे), त्यापुढचे दोन आकडे बॉडीचे (०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक), मग इंजिनाचे अक्षर आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक. के हे अक्षर २८९ घनइंची जोरदार इंजिनाचे, म्हणून त्या गाडीला भाव जास्त आणि त्यात बनवाबनवीही जास्त. बॉनेट उघडून पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्यावर हा नंबर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये घातले गेले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज वाहन. नमुना २० मधील अर्जासोबत विमा, शुल्क आणि आयात गाडीसाठी कस्टमचे बिल ऑफ एंट्री लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये. प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळायला हवे. ते दहा वर्षे चालते.

मूळ रूपाची ही अट स्टिअरिंगच्या प्रश्नाला भिडते. जुन्या मस्टँग आणि कॉर्व्हेट कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. ऑस्ट्रेलियात अनेक गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे हलवले गेले आणि त्यासाठी डॅशबोर्ड, पेडल, स्टिअरिंग बॉक्स सगळे कापाकापीत गेले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगचे वाहन, त्याला चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विद्युत इशारा-साधन असेल, तर सार्वजनिक जागी चालवता येते. तेव्हा अशी बदललेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जे जपण्यासाठी एवढा खटाटोप, तेच तिच्यात उरलेले नसते.

इतर देशांत वयाच्या मर्यादा कमी आहेत. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला १९९७ पासून ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते. ब्रिटनमध्ये आयात केलेल्या गाडीची माहिती १४ दिवसांत कर खात्याला द्यावी लागते, आणि ३० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या संग्राह्य गाडीला सवलतीचा पाच टक्के व्हॅट लागू होऊ शकतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद इथल्यापेक्षा बराच परवडतो.

भारतात व्हिंटेज गाडीचा नंबरही वेगळा असतो. उदाहरणार्थ, साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या रहिवाशाची रोजची मोटार धुळ्याच्या एमएच १८ मालिकेत नोंदली जाते. व्हिंटेज नंबरात मात्र जिल्ह्याचा आकडा नसतो. राज्याची अक्षरे, मग व्हीए, दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक, अशी त्याची रचना. भारतात आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर राखू शकते. व्हिंटेज गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे मुंबईच्या रॅलीसाठी ती पिंपळनेरहून नेता येईल, साक्रीच्या बाजाराला नाही. गाडी विकल्यास ९० दिवसांच्या आत राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते.