चिलीतील राष्ट्राध्यक्षपद व बहुमताचा प्रश्न (१९२५ ते २०२५)

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिली या देशात राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख अशा दोन्ही भूमिका पार पाडतो. मंत्र्यांची नेमणूक व बडतर्फी त्याच्याच हाती असून मंत्रिमंडळाला संसदेच्या विश्वासदर्शक ठरावाची गरज नसते. एवढी सत्ता ज्याच्याकडे सोपवावयाची त्याच्या पाठीशी किती मतदार असावेत, हा प्रश्न म्हणूनच चिलीच्या इतिहासात कळीचा ठरला.

१९२५ ची राज्यघटना

१८३३ च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाची निवड निर्वाचकांमार्फत अप्रत्यक्षपणे होत असे. १९२५ च्या राज्यघटनेने प्रत्यक्ष निवडणूक व सहा वर्षांची मुदत ठरविली. लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास मात्र मनाई केली. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोन उमेदवारांतून एकाची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संयुक्तपणे करावी, अशी तरतूद होती. १९४६, १९५२ व १९५८ मध्ये असा प्रसंग आला आणि प्रत्येक वेळी संसदेने सर्वाधिक मते मिळविणाऱ्यालाच निवडले. १९५८ मध्ये होर्हे आलेसांद्री यांना अवघी ३१.६ टक्के मते होती.

१९७० चा पेच

४ सप्टेंबर १९७० रोजी समाजवादी साल्वादोर आयेंदे यांना ३६.६, आलेसांद्री यांना ३५.३ व ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे रादोमिरो तोमिक यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. लोकशाही हक्कांची घटनात्मक हमी घेऊन ख्रिश्चन डेमोक्रॅटांनी आयेंदे यांना पाठिंबा दिला. या निवडीत लष्कराने हस्तक्षेप करू नये अशी भूमिका घेणारे सरसेनापती रेने श्नायडर यांच्यावर २२ ऑक्टोबरला प्राणघातक हल्ला झाला. तरीही २४ ऑक्टोबरला संसदेने १५३ विरुद्ध ३५ मतांनी आयेंदे यांची निवड केली. पुढे विरोधकांचे बहुमत असलेली संसद व राष्ट्राध्यक्ष यांच्यातील संघर्ष विकोपाला गेला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाची कारणे अनेक होती. परंतु हा संघर्ष त्यांपैकी एक होता, हे नाकारता येत नाही.

दुसऱ्या फेरीची पद्धती

जनरल पिनोशे यांच्या राजवटीत तयार झालेल्या १९८० च्या राज्यघटनेने संसदेचा हा अधिकार काढून घेतला व पहिल्या दोन उमेदवारांत मतदानाची दुसरी फेरी ठेवली. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशे यांना मुदतवाढ नाकारली. १९८९ मध्ये पात्रिसिओ आयल्विन पहिल्याच फेरीत विजयी झाले. दुसऱ्या फेरीचा पहिला प्रयोग जानेवारी २००० मध्ये झाला. तीत रिकार्दो लागोस ५१.३ टक्के मतांनी निवडून आले. २००५ च्या घटनादुरुस्तीने मुदत चार वर्षांची केली.

२०२१ च्या पहिल्या फेरीत होसे आन्तोनिओ कास्त आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीत गाब्रिएल बोरिक सुमारे ५६ टक्के मतांनी जिंकले. २०२५ मध्ये जानेत हारा आघाडीवर राहूनही विजय कास्त यांचा झाला. संसदेची निवडणूक मात्र पहिल्या फेरीच्या दिवशीच होते. त्यामुळे बोरिक यांच्या आघाडीला दोन्ही सभागृहांत बहुमत नव्हते आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचे करसुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहाने फेटाळले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दुसऱ्या फेरीमुळे राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून अधिक मतांचा आधार मिळाला. परंतु त्यातील बराच भाग प्रतिस्पर्ध्याला नाकारण्यासाठी दिलेल्या मतांचा असतो. १९७० मधील अल्पमताचा प्रश्न मतपेटीपुरता सुटला, संसदेत तो कायम राहिला. १९७० मध्ये संसदेला निवडीपूर्वी हमी मागता आली होती; आज राष्ट्राध्यक्षाला तीच तडजोड निवडून आल्यानंतर, प्रत्येक विधेयकागणिक करावी लागते.