आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात

पुण्यात नोकरीला लागलो त्याच आठवड्यातली गोष्ट. टीममधल्या एका सीनियरनं विचारलं, "बॅटरी पहिल्यांदा कधी उघडून पाहिलीस?" मी म्हणालो, "पाचवीत. आत दोन सेल होते." सगळे हसले. का हसले ते कळायला मला जरा वेळ लागला. आम्ही इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यांच्या डोक्यात तीस-चाळीस किलोचा लिथियमचा पॅक होता आणि माझ्या डोक्यात टॉर्च.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. "बॅटरी घे की, इच्चूकाट्याचं रान हाय," असं आजी रात्री बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. पुढे कामापायी बॅटरीचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की हा शब्द मुळात आमच्याइतकाच उसना आहे. इंग्रजीत बॅटरी म्हणजे एका रांगेत मांडलेल्या तोफा. १७४९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एकमेकींना जोडल्या आणि त्या मांडणीला हे नाव दिलं. आमच्या जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ विजापूरला गेली. म्हणजे मूळ अर्थानं पाहिलं तर बॅटरी आमच्याकडे फ्रँकलिनच्या आधीपासून होती.

पण मला सांगायचंय ते आजोबांच्या बॅटरीबद्दल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास १० हजार माणसं गेली. घरं मातीत रचलेल्या दगडी भिंतींची, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला, त्यामुळे ती रात्र मला ऐकूनच माहीत आहे.

आमच्या घराचा पुढचा भाग वाचला. आजोबा उशाची बॅटरी घेऊन बाहेर पडले. गावातली लाईट गेली होती आणि धूळ इतकी, की शेजारचं घर आहे की नाही हेही दिसत नव्हतं. आजोबांच्या चुलतभावाचं घर पूर्ण बसलं होतं. आजोबा उजेड धरायचे आणि वडील आणि गल्लीतली दोघं दगड काढायचे. सेल पोळ्याच्या आधीचे, म्हणजे वापरून झिजलेले. उजेड आधी पिवळा झाला, मग तांबडा. मग आजोबांनी बॅटरी बंद केली. पन्नास आकडे मोजले. पुन्हा लावली. थोडा वेळ पिवळा उजेड आला, तेवढ्यात चार दगड निघाले. परत बंद, परत पन्नास. असं उजाडेपर्यंत चाललं. चुलत आजी जिवंत निघाली. तिचा मुलगा निघाला तेव्हा उजाडलं होतं आणि उशीर झाला होता.

आजोबा शेवटपर्यंत एकच म्हणायचे, "नवं सेल असतं तर." त्यानंतर आमच्या देवळीत कायम दोन कोरे सेल फडक्यात गुंडाळलेले असायचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही, अगदी रेडिओसाठीसुद्धा.

पन्नास आकडे मोजले की उजेड परत का येतो? इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही. ते कळायला मला २०० वर्षं मागं जावं लागलं.

इटलीतल्या बोलोन्यात लुईजी गॅल्व्हानीला मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातूंचा स्पर्श झाल्यावर झटका देताना दिसले. १७९१ मध्ये त्यानं लिहिलं, की वीज प्राण्याच्या शरीरात असते. अलेस्सांद्रो व्होल्टाला हे पटेना. त्याचं म्हणणं, बेडूक निमित्तमात्र. वीज येते ती दोन वेगवेगळ्या धातूंमुळे. ते सिद्ध करायला त्यानं बेडूकच काढून टाकला. चांदीची चकती, जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्यानं ती जगाला कळवली. माणसाला सलग वाहणारी वीज पहिल्यांदा मिळाली ती अशी, एक वाद जिंकण्याच्या नादात.

अडचण एकच होती, हे सगळं ओलं प्रकरण. भारतात १८५० च्या दशकात तारयंत्र आलं, तेही अशाच द्रवानं भरलेल्या भांड्यांवर चाललं. टेबलावर ठेवायला ठीक, पण खिशात घालून रानात नेता येणार नाही. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेनं नवा सेल केला: जस्त, कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि नवसागराचं पाणी. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गास्नरनं त्या पाण्याची लापशी केली आणि सगळं जस्ताच्या डब्यात बंद केलं. आता सेल उलटा धरला तरी सांडत नव्हता. टॉर्च त्यामुळे शक्य झाली.

लहानपणी आम्ही संपलेले सेल दगडानं फोडायचो. कांडीनं भिंतीवर स्टंप काढायचो आणि काळी भुकटी पाटीला चोळायचो. त्या भुकटीचं खनिज आपल्याच राज्यात निघतं, हे मला फार उशिरा कळलं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड सेलच्या कारखान्यांना जातं.

आता पन्नास आकड्यांचं उत्तर. सेल चालू असताना कार्बनच्या कांडीभोवती रासायनिक क्रियेचा गाळ साचतो, म्हणा ना, वाट तुंबते. काळ्या भुकटीला तो पचवायला वेळ लागतो. सेलला विश्रांती दिली की वाट थोडी मोकळी होते आणि उजेड परत येतो. उन्हात सेल ठेवण्यामागंही असंच काहीतरी आहे: उष्णतेनं क्रिया जरा वेगात होते. नवी वीज मात्र त्यात भरली जात नाही, उरलेलीच निघते. आणि जस्ताचा डबा हा नुसता डबा नसतो, तोच इंधन असतो. सेल स्वतःचं अंग खातो. म्हणून जुना सेल फुटतो आणि टॉर्चची स्प्रिंग गंजते.

भारतातल्या सेलच्या इतिहासात एक काळं पान आहे, ते वगळून पुढं जाता येत नाही. एव्हरेडी कंपनी भारतात १९३४ मध्ये नोंदली गेली. ती अमेरिकेच्या युनियन कार्बाइडची होती आणि पुढे तिचं नावही युनियन कार्बाइड इंडिया झालं. देशभरच्या टॉर्च उजळणारी हीच कंपनी भोपाळमध्ये कीटकनाशकं बनवत होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. दहा वर्षांनी कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. माझ्या पिढीला "गिव्ह मी रेड" ही जाहिरात आठवते, भोपाळ आठवत नाही. मलाही हे दोन्ही एकाच घरातलं आहे, हे विशी उलटल्यावर कळलं.

माझ्या लहानपणीची बॅटरी वेगळी होती. २००५ नंतर महाराष्ट्रात लोडशेडिंगनं कहर केला. ज्यांना परवडलं त्यांच्याकडे इन्व्हर्टर आला, बाकीच्यांकडे ट्रॅक्टर होता. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल, आणि आमच्याकडे लाईट नाही. एका चुलत्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून पारावर आणली, तिला १२ व्होल्टचा छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही जोडला. धोनीचा सिक्स अर्ध्या गावानं त्यावर पाहिला. सकाळी ट्रॅक्टर चालू होईना. दहा जणांनी ढकलला.

त्या बॅटरीचा शोध १८५९ चा, फ्रान्सच्या गॅस्तों प्लाँतेचा. शिशाचे पत्रे आणि सल्फ्युरिक ॲसिड. पुन्हा चार्ज होणारी ही पहिली बॅटरी, आणि दीडशे वर्षांनंतरही ती आपल्या गाड्यांमध्ये आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीतले पत्रे पातळ असतात. दोन-चार सेकंद जोरात ताकद लावणं हे तिचं काम, पैलवानासारखं. तिच्याकडून रात्रभर टीव्ही चालवून घेतला की पत्र्यांवर शिशाचं सल्फेट बसतं. ते तसंच राहू दिलं तर घट्ट होतं आणि परत विरघळत नाही. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीचे पत्रे त्यासाठीच जाड असतात. ती वारकऱ्यासारखी, हळू पण लांब चालणारी.

तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी मात्र १९९१ ची. त्या वर्षी सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागं स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांचं काम होतं. तिघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. त्यांच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा निबंध आला. त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी आणि दुसरे नंजुंडस्वामी, दोघंही भारतीय. त्यात महागडा कोबाल्ट नाही. एक लोखंड, आणि दुसरं फॉस्फेट, म्हणजे डीएपीच्या पोत्यावर जे लिहिलेलं असतं ते. ही बॅटरी सहसा पेटत नाही आणि टिकते जास्त. आम्ही काम करतो ती हीच.

तिचा एक त्रास आहे, आणि त्याच त्रासावर माझा पगार निघतो. जवळपास २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत तिचं व्होल्टेज हलतच नाही म्हटलं तरी चालेल. मग आत किती उरलंय हे सांगायचं कसं? किती करंट आत गेला, किती बाहेर आला, तापमान किती, बॅटरीचं वय किती, याचा हिशेब ठेवून आम्ही अंदाज करतो. तुमच्या फोनवर दिसणारे ३४ टक्के हेसुद्धा मोजमाप नाही, अंदाजच आहे. ही कोडिंग करताना मला कैकदा आजोबा आठवतात. पांढरा, पिवळा, तांबडा उजेड बघून किती दगड निघतील याचा अंदाज बांधत उभे असलेले.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो होतो. रात्री अकराला वडील कानटोपी घालून निघाले. डोक्याला चार्जिंगची एलईडी बॅटरी, हातात काठी. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मी म्हणालो, "सकाळी द्या की." म्हणाले, "सकाळी लाईट तुझा बाप देणार का?" आणि स्वतःच हसले.

त्यांच्यामागं बांधावर गेलो. थंडीत मोटरचा आवाज ऐकत उभा राहिलो, आणि रोजच्या कामातली एक साधी गोष्ट तिथं मला नीट कळली. ग्रीडमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी ती वापरावी लागते. रात्री शहरातली मागणी उतरते, पण कोळशावरची केंद्रं बटण दाबून बंद करता येत नाहीत. मग ती वीज शेतीपंपांच्या वाट्याला टाकायची, पाळी लावून. वीज पाण्याच्या रूपात साठवायची सोय राज्यात आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प रात्री पाणी वर चढवतो आणि दिवसा खाली सोडून वीज करतो. पण असे प्रकल्प गरजेच्या मानानं फारच थोडे. राज्याकडे पुरेशी बॅटरी नाही म्हणून माझ्या वडिलांच्या डोक्यावर बॅटरी आहे. त्या अंधारात साप असतो, रानडुक्कर असतं, ओल्या वायरीला लागलेला हात असतो. आमच्या भागात अशी गेलेली माणसं प्रत्येक गावाला माहीत आहेत.

हे बदलतंय, हेही खरं. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. गावाजवळ सौर प्रकल्प, शेतीला दिवसा वीज. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याच्या केपीआयटीनं आयसरच्या संशोधकांसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. सोडियम म्हणजे मिठातला. वजनाच्या मानानं ती लिथियमपेक्षा कमी वीज धरते, पण एका जागी बसून ग्रीडची वीज सांभाळणाऱ्या बॅटरीच्या वजनाचं कुणाला काय? व्होल्टाच्या पुठ्ठ्यालाही मिठाचंच पाणी होतं.

आमच्या फीडरला दिवसाची वीज अजून आलेली नाही. सर्वे झालाय, असं वडील सांगतात.

पुण्याला निघायच्या दिवशी देवळी आवरताना आजोबांची बॅटरी सापडली. पितळेची, मागचं झाकण गंजून घट्ट बसलेलं. पान्यानं उघडलं. आत दोन सेल फुटून एकमेकांना चिकटले होते, कंपनीचं नावही वाचता येत नव्हतं. शेजारी फडक्यात गुंडाळलेले दोन कोरे सेल होते. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी वडिलांना विचारलं, "हे कुणी ठेवले?"

"मीच," ते म्हणाले. "दरसाल पोळ्याला बदलतो."