देवगिरीचा हिशेबनीस

कचेरीचें काम आटोपून रात्रीं डोंबिवलीस परतलेला एखादा तरुण जेवणानंतर संगणकापुढें बसतो. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीनें सूर उमटवितो, त्यांना एक कथा जोडतो आणि त्या सर्वांचा मिळून एक खेळ रचतो. घरांतलीं वडील माणसें विचारतात, "हें सारें करून मिळणार काय?" या प्रश्नामागें अशी समजूत असते कीं, गणित तेवढें पोटाचें; संगीत, कथा आणि खेळ हे रिकामपणाचे उद्योग. आमच्या मतें इतिहास या समजुतीस पुष्टि देत नाहीं.

ठाण्याचेंच उदाहरण घ्यावें. अकराव्या शतकांत श्रीस्थानकाच्या शिलाहारांपैकीं छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि या तिघां बंधूंच्या आश्रयानें सोड्ढलानें 'उदयसुंदरीकथा' हा गद्यपद्यमिश्रित ग्रंथ रचिला. यांतील मुम्मुणीचें नांव अंबरनाथच्या शिवालयांतील १०६० च्या शिलालेखांत आढळतें. सोड्ढल कायस्थ कुळांतला, म्हणजे लेखणीवर चालणाऱ्या घराण्यांतला होता. दप्तर लिहिणारी लेखणी कथेंतहि रमली.

पुढें दोन शतकांनीं यादवांच्या देवगिरीस याहून विलक्षण गोष्ट घडली. सिंघण राजाच्या (१२१०–१२४७) पदरीं शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरां'त एक प्रश्न आहे : सात स्वर प्रत्येकीं एकदांच घेऊन त्यांचे क्रम किती होतील? उत्तर ५०४०. पण हे सारे लिहून न काढतां त्यांतला हजारावा क्रम कोणता, हें कसें सांगावें?

त्यासाठीं त्यानें 'खंडमेरु' नांवाचें कोष्टक सांगितलें. त्यांत सात उभ्या ओळी; पहिलींत एक घर, दुसरींत दोन, याप्रमाणें सातवींत सात. घरांत आंकडे आणि त्यांवर ठेवावयाचे खडे. प्रत्येक ओळींतून एक आंकडा असा घ्यावा कीं, बेरीज हजार व्हावी : १, १, २, १२, २४, २४० आणि ७२०. सातव्या ओळींतला ७२० वरून दुसऱ्या घरांत आहे. म्हणून शेवटून एक स्वर, नी, सोडून ध हा अखेरचा स्वर ठरला. उरलेल्या स्वरांस हीच रीत मागें मागें लावीत गेलें म्हणजे क्रम मिळतो : नी सा ग री प म ध. या रीतीस 'नष्ट' म्हणतात. क्रमावरून त्याचा अनुक्रमांक काढण्याच्या उलट रीतीस 'उद्दिष्ट'.

पट, खडे, स्वर आणि चुकूं न देणारा नियम! आज आज्ञावली म्हणतात ती याहून फार वेगळी काय आहे? मात्र ५०४० क्रम म्हणजे ५०४० राग नव्हेत. मोजणी नियमानें होते. निवड रसिकासच करावी लागते. डोंबिवलीच्या तरुणाची खरी परीक्षाहि तेथेंच आहे.

सिंघणाचा जमाखर्च आज कोणी वाचीत नाहीं. त्याच्या हिशेबनिसाचा ग्रंथ मात्र गायक अजून उघडतात. "मिळणार काय?" या प्रश्नाचें उत्तर वडील माणसांनीं येथें शोधावें, अशी आमची विनंति आहे.