पॅलेटवरचा शिक्का

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपल्या शाळांमधल्या कार्यानुभवाच्या तासाचा जुना आवडता विषय. नारळाच्या करवंट्या, रिकामे डबे, फुटक्या बादल्या यांपासून मुले काय काय बनवतात, ते आपण पाहतोच. या यादीत आता आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे लाकडी पॅलेट. कारखान्यात किंवा गोदामात मालाची खोकी ज्या फळ्यांच्या चौकटीवर रचून ठेवतात, तीच ही. मोठ्या पाटासारखी दिसणारी, वर फळ्या, खाली फळ्या आणि मध्ये लाकडी ठोकळे. अशी एखादी जुनी पॅलेट भिंतीला उभी टेकवली आणि फटींमध्ये माती भरली की उभी बाग तयार होते. चार पॅलेट्स चौकोनात बांधल्या की पालापाचोळा कुजवायला हौद मिळतो. आडव्या ठेवून कडेने फळ्या मारल्या की पालेभाजीचा वाफा होतो. खर्च थोडा, काम मुलांना जमण्याजोगे. परसबाग करणाऱ्या शाळेला आणखी काय हवे?

पण करवत चालवण्यापूर्वी पॅलेटची कड एकदा नीट पाहावी. मधल्या ठोकळ्यावर बहुधा जाळून उमटवलेला किंवा रंगाने छापलेला एक चौकोनी शिक्का दिसतो. त्यात डावीकडे गव्हाच्या ओंबीसारखे चित्र असते आणि उजवीकडे काही अक्षरे व आकडे असतात. हा शिक्का तेथे का आला? त्यातून आपल्याला काय कळते आणि काय कळत नाही? याचे उत्तर शोधायला गेलो की आपण बागेतून थेट गोदीत आणि तेथून जंगलात जाऊन पोचतो.

माथ्यावरून काट्यावर

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या कोणत्याही बंदरात माल हलत होता तो माणसांच्या पाठीवरून आणि डोक्यावरून. पोते असो, पिंप असो की खोके, प्रत्येक नग उचलायचा, न्यायचा, ठेवायचा. आपल्याकडचे माथाडी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या कामाचे आणि ते करणाऱ्यांचे महत्त्व लक्षात यावे.

हे काम यंत्राने करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झाले. १९१७ साली क्लार्क नावाच्या कंपनीने आपल्याच कारखान्यात सामान वाहण्यासाठी एक छोटी मोटारगाडी बनवली. १९२०च्या दशकात अशा गाड्यांना पुढे दोन लोखंडी काटे बसले. हे काटे वर-खाली होऊ लागले आणि आजची फोर्कलिफ्ट आकाराला आली. आता काट्यांना मालाखाली शिरण्यासाठी जागा हवी. म्हणून माल पाय असलेल्या फळीवर ठेवू लागले. मात्र या पायांची एक अडचण होती. एका फळीवरच्या मालावर दुसरी फळी रचली, तर वरचा सगळा भार पायांच्या चिंचोळ्या कडांवर येई आणि खालची खोकी दबत. मग पायांखालीही फळ्या ठोकण्यात आल्या. भार तेवढाच, पण क्षेत्रफळ वाढल्यामुळे दाब कमी. नववीच्या पुस्तकातला हा साधा नियम लाकडात उतरला आणि पॅलेट जन्माला आली.

यामुळे किती फरक पडला? १९३१ सालच्या एका रेल्वेविषयक व्यापारी नियतकालिकात दिलेला हिशोब पुढे वारंवार सांगितला गेला आहे. डबाबंद खाद्यपदार्थांची १३,००० खोकी असलेला एक डबा एकेक खोके उचलून रिकामा करायला तीन दिवस लागत होते. तीच खोकी पॅलेटवर किंवा तशाच फळीवर रचलेली असली, तर चार तास पुरत.

दुसऱ्या महायुद्धाने पॅलेटला जगभर नेले. दारूगोळा, औषधे, अन्न हे सगळे लवकर चढवायचे आणि लवकर उतरवायचे होते. अमेरिकी नौदलातले एक अधिकारी नॉर्मन काहनर्स यांनी चारही बाजूंनी काटे घालता येतील अशी पॅलेट बनवली. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्य ऑस्ट्रेलियातून परतले, तेव्हा फोर्कलिफ्ट आणि पॅलेट्स तेथेच सोडून गेले. हे सामान वापरात ठेवण्यासाठी तिथल्या सरकारने एक यंत्रणा उभी केली. ‘चेप’ या नावाने ती ओळखली जाई. १९५८ साली ती खासगी मालकीची झाली. निळ्या रंगाच्या पॅलेट्स दिसल्या तर त्या बहुधा तिच्याच असतात. या पॅलेट्स भाड्याने दिलेल्या असतात, टाकून दिलेल्या नसतात. तेव्हा त्या बागेसाठी उचलून आणणे योग्य नव्हे.

युरोपात १९६१ साली अनेक देशांच्या रेल्वेंनी एकच माप ठरवले : १२०० गुणिले ८०० मिलिमीटर. या पॅलेटमध्ये खिळे किती असावेत तेही ठरले आहे, बरोबर ७८. एका देशात भरलेली पॅलेट दुसऱ्या देशात रिकामी करावी आणि बदल्यात तशीच दुसरी घ्यावी, अशी ही व्यवस्था. लाकूड असे देशोदेशी फिरू लागले. आणि लाकडाबरोबर आणखीही कोणी फिरू लागले.

लाकडातले प्रवासी

पॅलेट हे हलक्या दर्जाच्या लाकडाचे काम. चांगले लाकूड घरांना आणि फर्निचरला जाते, उरलेसुरले पॅलेटला. ते पुष्कळदा ओले असते, कधी त्यावर साल तशीच राहिलेली असते. सालीखाली किडे अंडी घालतात आणि अळ्या लाकूड पोखरत आत जातात. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या एक-दोन वर्षे लाकडातच राहतात. जहाजाचा महिनाभराचा प्रवास त्यांना सहज सोसतो.

जपानमध्ये नागासाकीच्या परिसरात चिडाची झाडे विचित्र रीतीने वाळत असल्याची नोंद १९०५ साली झाली. हिरवेगार झाड एका हंगामात तांबूस होऊन मरे. कारण सापडायला १९७१ साल उजाडले. गुन्हेगार होता एक मिलिमीटरहूनही लहान असा सूत्रकृमी. त्याला स्वतःहून एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. तो लांब मिशांच्या एका भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांमध्ये शिरतो. भुंगेरा कोवळ्या फांद्या कुरतडू लागला की त्या जखमेतून कृमी झाडात उतरतात. झाडातला पाण्याचा प्रवाह बंद पडतो आणि झाड वाळते. हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या चिडांची त्याच्याशी फार जुनी ओळख असल्यामुळे त्यांना तो फारसा त्रास देत नाही. जपानी चिडांना मात्र तो नवखा होता. १९९९ साली तो पोर्तुगालमध्येही सापडला.

उलट दिशेचा प्रवासही झाला. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेच्या मेपल वृक्षांच्या खोडांवर गोल भोके दिसू लागली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला एक आशियाई भुंगेरा त्यांतून बाहेर पडत होता. चीनमधून आलेल्या मालाच्या लाकडी बांधणीतून तो आला असावा, असा निष्कर्ष निघाला. १९९८ साली तो शिकागोतही आढळला. त्याच्यावर उपाय एकच होता, झाडे तोडून टाकणे. हजारो झाडे तोडावी लागली. ज्या रस्त्यांवर पन्नास-पन्नास वर्षे सावली होती, ते उघडे पडले.

शिक्का आला

या अनुभवांतून २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली एक मानक ठरले. देशाबाहेर जाणाऱ्या मालाच्या लाकडी बांधणीवर ठरावीक प्रक्रिया झालीच पाहिजे आणि तसा शिक्का लाकडावर असलाच पाहिजे, हा त्याचा सारांश. शिक्क्यात ओंबीचे चिन्ह असते, देशाची दोन अक्षरे असतात (भारतासाठी ‘आय-एन’), प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक असतो आणि शेवटी प्रक्रियेची खूण असते.

‘एच-टी’ म्हणजे उष्णता. लाकडाच्या अगदी गाभ्यातले तापमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे आणि सलग ३० मिनिटे तेथे ठेवायचे. या तापमानाला किडे आणि कृमी यांच्या शरीरातली प्रथिने बिघडतात व ते मरतात. गाभ्याचा आग्रह का? लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे. बाहेरचा भाग तापला तरी आतली अळी बराच वेळ सुखरूप राहू शकते.

‘एम-बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या वायूची धुरी. हा वायू रंगहीन आणि माणसाच्या मज्जासंस्थेला घातक. शिवाय त्यातला ब्रोमिन ओझोनच्या थरात पोचला तर क्लोरिनपेक्षा कित्येक पटींनी अधिक नाश करतो. म्हणून १९९२ साली त्याला मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत आणले गेले. विकसित देशांनी २००५पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५पर्यंत त्याचा वापर थांबवायचा असे ठरले. मात्र परदेशी जाणाऱ्या मालाला कीडमुक्त करण्यापुरती सवलत राहिली. म्हणजे जंगले वाचवण्यासाठी जो वायू वापरायचा, तोच आकाशातल्या छत्राला भोके पाडणारा. युरोपीय संघाने २०१० साली ही सवलतही काढून घेतली. त्यानंतर सूक्ष्मलहरींसारख्या लहरींनी लाकूड आतून तापवण्याची रीत मानकात आली. तिची खूण ‘डी-एच’. सल्फ्युरिल फ्लोराइड या दुसऱ्या वायूची धुरीही आता मान्य आहे. तिची खूण ‘एस-एफ’.

गोदीतून बागेत

एकदाच वापरून टाकायच्या पॅलेट्सचे ढीग शहराशहरांत साठू लागले, तसे त्यांचे बागेतले उपयोगही सुचू लागले. त्याला आणखी एक कारण होते. शहरातली जमीन खणता येईलच किंवा ती स्वच्छ असेलच असे नाही. बर्लिनमधल्या टेम्पेलहोफ विमानतळाचे उदाहरण पाहू. १९४८-४९मध्ये वेढ्यात सापडलेल्या शहराला याच धावपट्टीवरून अन्न आणि कोळसा पुरवला गेला होता. हा विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१० साली ते मैदान लोकांसाठी खुले झाले. २०११पासून तेथे नागरिकांची सामूहिक बाग आहे. जमीन खणायची नाही, म्हणून जुन्या फळ्या, पॅलेट्स आणि मोडके फर्निचर यांचे वाफे जमिनीवरच उभे केले गेले. त्यांत टोमॅटो, सूर्यफुले आणि भोपळे वाढतात. २०१४ साली या मैदानावर इमारती बांधायच्या का, यावर जनमत घेतले गेले. लोकांनी नकार दिला.

असे काही आपल्या शाळेतही करावेसे वाटते, ते योग्यच आहे. पण येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पॅलेटवरचा शिक्का झाडांच्या रक्षणासाठी आहे, भाजी खाणाऱ्यांसाठी नव्हे. या लाकडात जिवंत कीड नाही, एवढेच तो सांगतो. या पॅलेटवर काय ठेवले होते, वाटेत काय सांडले, हे तो सांगत नाही. ‘एच-टी’ पाहून पॅलेट खात्रीची आहे असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

२०१० साली अमेरिकेत औषधाच्या बाटल्यांना कुबट वास येतो अशा तक्रारी आल्या आणि मोठ्या प्रमाणावर औषधे परत मागवावी लागली. शोध घेतला तेव्हा माग लाकडी पॅलेट्सपर्यंत गेला. बुरशी लागू नये म्हणून लाकडाला लावलेल्या एका ब्रोमिनयुक्त रसायनापासून वास येणारा पदार्थ तयार झाला होता आणि पॅलेटवरून तो बाटल्यांच्या सामानात उतरला होता. शिक्क्यात या रसायनाचा उल्लेख असायचे कारणच नव्हते.

‘एम-बी’ची पॅलेट मात्र थोडी तारतम्याने पाहावी. हा वायू साध्या तापमानाला उडून जातो. त्यामुळे वर्षानुवर्षे जुन्या पॅलेटमध्ये तो दडून बसला असेल ही भीती अनाठायी आहे. तरीही मुलांच्या हाती करवत द्यायची आहे आणि मेथी-कोथिंबीर खायची आहे, तर अशी पॅलेट टाळलेली बरी. दुसरी मिळणे अवघड नसते.

वर्गात काय करता येईल?

पॅलेट आणायला जाताना मुलांनाही वखारीत न्यावे. शिक्के वहीत उतरवून घ्यावेत, देशांची अक्षरे ओळखून नकाशावर खुणा कराव्यात. एखाद्या छोट्या गावातल्या वखारीतही तीन-चार देशांचे लाकूड सापडले, तर जागतिक व्यापार म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. ‘ही कोठून आणली? हिच्यावर काय येत होते?’ हे दोन प्रश्न मुलांनीच वखारवाल्याला विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तेलाचे डाग दिसले, औषधी वास आला किंवा फळ्या रंगवलेल्या असल्या, तर ती पॅलेट सोडून द्यावी. कोणताच शिक्का नसेल तर ती बहुधा देशातल्या देशात फिरलेली असते. तिलाही हेच दोन प्रश्न लागू.

आणखी एक सूचना. उष्णता दिल्याने लाकडाला कवच चढत नाही. त्या वेळची कीड मरते, नंतरच्या किडीला दार उघडेच असते. आपल्या पावसाळ्यात जमिनीला टेकलेल्या पॅलेटला वाळवी लागायला वेळ लागत नाही. शिवाय लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणाऱ्या बुरशीचेही फावते. म्हणून पॅलेट विटांवर ठेवावी, पाणी निथळू द्यावे. शक्य असेल तर तिच्यात थेट माती न भरता तिचा उपयोग कुंड्यांच्या मांडणीसारखा करावा. म्हणजे लाकूड जास्त टिकते आणि भाजीच्या मुळांशी त्याचा संबंध येत नाही. एक तुकडा विटेवर आणि एक ओल्या मातीवर ठेवून दर महिन्याला वजन व रंग यांची नोंद केली, तर वर्षभराचा चांगला प्रयोग होतो.

बाग तयार झाली की शिक्क्याची बाजू भिंतीकडे लपवू नये. ती दर्शनी ठेवावी. पाहुणे विचारतील, ‘हे काय?’ आणि मग गोदी, भुंगेरा, चीड आणि ओझोन यांची सगळी हकीकत मुलांना आपल्या शब्दांत सांगता येईल.