जुन्या बारबेलची कुळकथा

घरी व्यायामाची खोली करायचं ठरलं, की बहुतेक जण आधी नव्या बारबेलच्या किमती विचारत फिरतात. माझं म्हणणं असं, की चांगल्या कारखान्यात घडलेला, पन्नास-साठ वर्षं वापरलेला आणि तरीही सरळ राहिलेला दांडा मिळत असेल तर तोच घ्यावा. मात्र घेण्याआधी त्याचं कूळ माहीत हवं. टोकाची फिरती नळी, पकडीसाठी पाडलेली खरखर, प्लेटवर उमटलेला आकडा, या प्रत्येक गोष्टीमागे एक जुनी अडचण आहे. ती अडचण ठाऊक असली की दांडा नेमका कुठे तपासायचा हे आपोआप कळतं.

जड वस्तू उचलून ताकद कमावणं फार जुनं आहे. आपल्या तालमींत जड दगडी नाल असे, आणि तो उचलणाऱ्या पैलवानाचं गावात नाव होई. पण नालाचं वजन ठरलेलं. माणसाने त्या वजनापर्यंत वाढायचं, वजन माणसासाठी कमी-जास्त व्हायचं नाही. युरोपातही सुरुवात तशीच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इपोलित त्रिआ या फ्रेंच कसरतपटूची पॅरिसमधली व्यायामशाळा प्रसिद्ध होती. तिथे टोकांना गोळे असलेल्या लोखंडी दांड्यांनी सामुदायिक कवायत चाले. आजच्या बारबेलचे हे अगदी जवळचे पूर्वज, पण प्रत्येक दांड्याचं वजन कायमचं एकच.

पुढे गोळे पोकळ झाले. आत वाळू किंवा शिशाचे छर्रे भरायचे, हवे तेव्हा काढायचे. व्यायाम करणाऱ्याची सोय झाली आणि रंगमंचावरच्या बलवानांना मोकळं रान मिळालं. तो काळ सर्कशी आणि नाट्यगृहांत ताकदीचे खेळ करणाऱ्यांचा होता. गोळ्यात काय आणि किती आहे हे प्रेक्षकांना दिसत नसे, म्हणून जाहिरातीत छापलेल्या वजनावर विश्वास ठेवण्याखेरीज त्यांच्या हाती काही नव्हतं. बारबेलची सगळी पुढची वाटचाल मला या एका प्रश्नाभोवती दिसते: उचललेलं वजन खरं किती, आणि ते सगळ्यांना सारखं आहे का?

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा शरीराच्या वजनाप्रमाणे गट नव्हते. दोन हातांच्या प्रकारात डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट, दोघांनीही १११.५ किलो उचललं. येन्सनची उचल अधिक नेटकी ठरवून त्याला पहिला क्रमांक दिला गेला. एका हाताच्या प्रकारात एलियटने ७१ किलो उचलून बाजी मारली. खेळ जागतिक झाला होता, पण सगळ्यांना मान्य असा एक दांडा अजून जन्मायचा होता.

सामान्य माणसाच्या घरी बारबेल पोहोचवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या ॲलन कॅल्व्हर्टला द्यावं लागेल. त्याने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात ‘मायलो बारबेल कंपनी’ काढली. रोज वाढत जाणारं वासरू खांद्यावर घेऊन अखेर पूर्ण वाढलेला बैल उचलणाऱ्या ग्रीक मल्लाची दंतकथा आहे, त्याचं हे नाव. कॅल्व्हर्टच्या धंद्याचं तत्त्वही तेच होतं: वजन थोडं थोडं वाढवता आलं पाहिजे. बारबेल आणि व्यायामाचा क्रम तो टपालाने घरोघरी पाठवी. त्याच सुमारास, १९०४-०५ मध्ये, रंगमंचावरचा नामांकित बलवान यूजेन सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आणि आपल्याकडेही डंबेलच्या व्यायामाची ओढ वाढली.

गोळ्यांची जागा हळूहळू बिडाच्या सपाट प्लेटांनी घेतली. वरवर हा बदल किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळ्या कुळकथेतला हाच सर्वांत मोठा क्षण आहे. प्लेटवर आकडा ओतलेला असतो, त्यामुळे समोर उभा असलेला कोणीही बेरीज करू शकतो. ताकद बोलण्यातून मोजण्यात आली.

दुसरी अडचण मनगटाची होती. तिचा धडधडीत पुरावा म्हणजे ‘अपोलोंची चाकं’. अपोलों या नावाने खेळ करणाऱ्या लुई युनी या फ्रेंच बलवानाकडे रेल्वेची दोन चाकं जोडलेला आस होता. वजन सुमारे १६६ किलो, दांड्याची जाडी जवळपास पाच सेंटिमीटर, आणि चाकं आसाला घट्ट बसवलेली. दांडा झपकन छातीशी घेताना हात त्याच्याखाली वळवावे लागतात. प्लेटा मोकळ्या नसतील तर त्या संपूर्ण वजनालाही हातांबरोबर गरकन फिरवावं लागतं, आणि ते ओझं मनगटावर येतं. म्हणून ही चाकं नामवंतांनाही दाद देत नसत. १९३० मध्ये चार्ल्स रिगुलोने ती डोक्यावर नेली. १९४९ मध्ये जॉन डेव्हिसने नेली, तीही एक हात वरून आणि एक खालून धरून, मधेच पकड सोडून हात पालटत. १९५४ मध्ये नॉर्बर्ट शेमान्स्कीला ते जमलं. तिघेही आपापल्या काळातले जगातले बलाढ्य पुरुष.

या अडचणीवरचं उत्तर म्हणजे फिरती नळी, जिला आपण जिममध्ये स्लीव्ह म्हणतो. दांडा आणि प्लेटा यांच्यामध्ये ती असते. हात वळले तरी प्लेटा आपल्या जागी स्थिर राहतात. जर्मनीतल्या कास्पर बेर्गने घडवलेला असा दांडा १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये वापरला गेला, आणि पुढच्या ऑलिंपिक दांड्यांचा तोच नमुना ठरला. त्याच वर्षी एका हाताच्या उचलीही ऑलिंपिकमधून गेल्या. १९२४ च्या पॅरिसमध्ये त्या होत्या. अनेक जुन्या दांड्यांवर अगदी मधोमध खरखरीत पट्टा सापडतो, तो त्या एकहाती उचलींचा वारसा मानला जातो.

पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी बॉब हॉफमन तेलावर चालणाऱ्या भट्ट्यांचे बर्नर बनवी. स्वतः वजन उचलणारा हा माणूस १९३२ पासून ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ मासिक काढू लागला आणि १९३५ मध्ये त्याने दिवाळखोर मायलो कंपनी विकत घेतली. यॉर्कचे दांडे अमेरिकेत शाळा, वायएमसीए, तळघरं आणि गॅरेजांत पोहोचले. आज तिथे जुना बारबेल शोधणाऱ्याच्या तोंडी पहिलं नाव येतं ते याच गावाचं, आणि पेन्सिल्व्हेनिया-न्यू जर्सीकडे राहणाऱ्या मराठी माणसाला घरगुती विक्रीत असा दांडा दिसला तर त्याने जरूर थांबावं.

तिसरी अडचण पोलादाची. वजनं वाढत गेली तसे दांडे स्पर्धेतच वाकू लागले, मोडू लागले. स्वीडनमधल्या हाल्मस्टाड इथे एलेइको हा विजेच्या घरगुती वस्तू करणारा कारखाना होता, वॉफल भाजण्याची यंत्रंही तिथे बनत. तिथल्या एका पर्यवेक्षकाला वजन उचलण्याचा नाद होता आणि मोडक्या दांड्यांचा वैताग आला होता. त्याच्या आग्रहावरून १९५७ मध्ये कारखान्याने पहिला दांडा केला. १९६३ च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेत एलेइकोचा एकच दांडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरला गेला आणि तो ना वाकला ना मोडला.

पुढे मापं पक्की झाली. पुरुषांचा स्पर्धेचा दांडा २० किलो, लांबी २.२ मीटर, पकडीची जाडी २८ मिलिमीटर, स्लीव्ह ५० मिलिमीटर. स्त्रियांचा दांडा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. २००० साली सिडनीत स्त्रियांच्या स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाल्या आणि कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. तिने किती उचललं हे जगातल्या कुठल्याही व्यायामशाळेत तंतोतंत मांडून दाखवता येतं.

आता विक्रीला ठेवलेल्या जुन्या दांड्यासमोर उभे राहू. पहिली परीक्षा सरळपणाची. दांडा रॅकवर ठेवावा, मधोमध धरून सावकाश फिरवावा आणि टोकांकडे पाहावं. टोक वर-खाली झुलत असेल तर दांडा वाकला आहे, किंमत कितीही कमी असो, तो सोडून द्यावा. दुसरी परीक्षा स्लीव्हची. ती हाताने फिरवून बघावी. जड फिरत असेल तर बहुधा आतलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. रॉकेलने धुवून थोडं तेल दिलं की ती मोकळी होते. आत कांस्याचा बुश आहे की बेअरिंग, आणि टोकाला बोल्ट आहे, पिन आहे की सर्क्लिप, हेही विचारून घ्यावं, कारण उद्या खोलायचं तर त्यावरच काम अवलंबून असतं.

तिसरी परीक्षा मापाची. व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजावी आणि साध्या काट्यावर वजन करावं. अमेरिकी दांडे-प्लेटा पौंडांत असतात. ४५ पौंडांची प्लेट साधारण २०.४ किलो भरते, तेव्हा किलोच्या प्लेटांबरोबर त्या मिसळल्या तर बेरीज चुकते. पकडीवरच्या खुणाही वाचाव्यात. वेटलिफ्टिंगच्या दांड्यावर दोन खुणांमधलं अंतर ९१० मिलिमीटर असतं, पॉवरलिफ्टिंगच्या दांड्यावर ८१०.

गंजाला मात्र घाबरू नये. वरवरचा तांबूस गंज पितळी ब्रश आणि तेलाने निघून जातो. खोल खड्डे पडले असतील, विशेषतः स्लीव्हच्या कडेशी, किंवा केसासारखी चीर दिसली, तर हात जोडून निघावं. दांड्याला वेल्डिंग कधीही करू नये. उष्णतेने पोलादावर केलेले संस्कार त्या उष्णतेनेच बिघडतात. जुन्या प्लेटांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

आपल्याकडच्या भंगारात आणि जुन्या बाजारात बहुतेक वेळा मिळतो तो सलग, बारीक रॉड, फिरत्या स्लीव्हशिवायचा. स्क्वॉट, बेंच प्रेस, कर्ल यांना तो पुरेसा आहे आणि स्वस्तही पडतो. पण स्नॅच किंवा क्लीन, म्हणजे दांडा झपकन डोक्यावर किंवा छातीशी घेणं, शिकायचं असेल तर त्याच्यावर शिकू नये. अपोलोंच्या चाकांनी जगातल्या मल्लांची मनगटं तपासली, घरच्या घरी आपली तपासायचं कारण नाही.

जुना दांडा घ्या म्हणतो त्यामागे स्मरणरंजन नाही, पोलादाचा स्वभाव आहे. मर्यादेच्या आतल्या ओझ्याखाली पोलाद लवतं आणि ओझं उतरताच पुन्हा सरळ होतं. मर्यादा ओलांडली की वाक कायमचा राहतो. नव्या दांड्यासोबत कारखान्याचा शब्द मिळतो. अर्धं शतक लोकांनी उचलला, आपटला आणि तरी रॅकवर फिरवताना ज्याची टोकं जरासुद्धा झुलत नाहीत, त्या दांड्याने आपली परीक्षा आधीच दिलेली असते. त्याने कोणापासून वजन लपवलेलं नाही, आणि तुमच्यापासूनही लपवणार नाही. असा दांडा सापडला तर घासाघीस थोडी कमी करा आणि घरी घेऊन या.