धून आधी, आकडे नंतर

पाच तारांच्या अमेरिकी बँजोविषयी एक मत शिकवणाऱ्यांत आणि शिकणाऱ्यांत सारखेच रुजले आहे. (वरातीत वाजणारा आपला बटणांचा बँजो निराळा, त्याचा येथे संबंध नाही.) टॅब, म्हणजे कोणत्या तारेवर कितवा पडदा दाबायचा हे आकड्यांनी दाखवणारे लेखन, समोर ठेवावी, बोटांकडून घोटून घ्यावी, पुढे हात आपोआप चालतो, हीच सांगीतिक स्मृती. कानाने वाजवणे मात्र उपजत देणगी. ज्याला लाभली त्याला लाभली.

ही बाजू दुबळी नाही. बँजोवर एकच सूर अनेक जागी सापडतो. तारा नेहमीच्या जी मेळात लावल्या, तर मोकळ्या पहिल्या तारेचा डी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मिळतो आणि तिसरीच्या सातव्यावरही. नेमकी जागा टॅबच दाखवते. वादनाची गती तर अशी, की नवख्याला सूर सुटे ऐकूच येत नाहीत. शिवाय तीन बोटांची शैली ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या अर्ल स्क्रग्ज यांनीच 1968 मध्ये टॅबसह पुस्तक काढले. मग आक्षेप कशाला?

आक्षेप एवढाच, की टॅब जागा सांगते, धून सांगत नाही. या शैलीत एका रोलमध्ये, म्हणजे तारा छेडण्याच्या बोटांच्या ठरलेल्या आवर्तनात, बहुधा आठ सूर येतात. त्यांतले दोन-तीन मूळ धुनेचे असतात. बाकीचा भराव, आणि त्यात आखूड पाचव्या तारेचा वारंवार घुमणारा सूर. कागदावर मात्र आठही आकडे सारख्याच तोलाचे. ते पाठ करणाऱ्याला धून कोणती आणि भराव कोणता, हे कोण सांगणार? म्हणूनच तो मध्ये अडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याच्या हाताला क्रम ठाऊक आहे. गाणे ठाऊक नाही.

स्मृती अर्थावर तगते, याला पुरावाही आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये बुद्धिबळपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी ओझरती पाहूनही निष्णात खेळाडू ती नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडत. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या, की ती आघाडी जवळजवळ नाहीशी होई. धुनेवाचूनचे आकडे याहून वेगळे ते काय?

आता देणगीचा मुद्दा. बँजोचे पूर्वज गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिकेत आले. ‘ब्रिग्जचे बँजो-शिक्षक’ हे बँजोवरच्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक, तेही 1855 चे. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे वाद्य कानानेच शिकले गेले. असे शिकणारे सगळेच असामान्य होते काय? स्क्रग्ज यांचे म्हणाल, तर बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात ते 1945 मध्ये आले. पुस्तक त्यानंतर तेवीस वर्षांनी. पुस्तक वादनाची नोंद आहे, उगम नव्हे.

गतीच्या अडचणीवर तोडगा जुनाच आहे. तबकडी निम्म्या वेगाने फिरवली, की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. नाव तेच राहते. आज तर सूर न बदलताही वेग कमी करता येतो.

वाचकहो, निवाडा तुम्हीच करा. टॅबवरून पक्की बसवलेली एक धून घ्या. कागद मिटा. ती आधी गुणगुणा, मग रोल टाकून नुसती धून एका बोटाने वाजवा, आणि सुरुवात मधल्या ओळीपासून करा. हे सहज जमले, तर माझे म्हणणे खुशाल फेटाळा.