नगरपंचायत हद्दीत घर बांधताय? आधी परवाना, मग जोतं
नगरपंचायत किंवा नगरपरिषद हद्दीत घर बांधायचं तर बांधकाम परवाना लागतो. विनापरवाना बांधलं तर नोटीस येते, बांधकाम पाडलंही जाऊ शकतं.

कागद : चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, घरपट्टीची पावती आणि परवानाधारक अभियंत्याने काढलेला घराचा नकाशा. जागा सामायिक असेल तर हिस्सेदारांची संमती आधीच घ्या.

अर्जाची पोच घ्याच. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. मात्र नकाशा नियमात बसणारा हवा. कार्यालयाने त्रुटी काढली, तर ६० दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात.

परवाना १ वर्ष चालतो, पुढे मुदतवाढ घ्यावी लागते. घर झालं की भोगवटा प्रमाणपत्र काढायला विसरू नका.